तळाचा शिक्का म्हणजे इतिहास नव्हे : चिनी मातीच्या जुन्या भांड्यांविषयी एक दीर्घ थ्रेड

१/
इतिहासाची आवड असलेल्या तरुणांकडून अलीकडे एकाच प्रकारची छायाचित्रे येऊ लागली आहेत. पालथी घातलेली एक बशी, तिच्या तळाशी निळा किंवा हिरवा शिक्का आणि खाली एकच प्रश्न : "दादा, ही खरी युरोपियन अँटिक आहे का? किती येतील?" बशीची उजवी बाजू कोणी पाठवत नाही. ती कोणाच्या घरातली, कोणत्या कोनाड्यात होती, तिच्यातून कोण चहा प्यायले आणि कोणाला ती कधीच मिळाली नाही, हे तर कोणीच सांगत नाही. आजचा थ्रेड या पालथ्या बशीविरुद्ध आहे.

२/
माझे म्हणणे आधीच मांडतो. युरोपीय चिनी मातीची जुनी भांडी जमवणे यात दोष काहीच नाही. परंतु शिक्का पाहून किंमत ठरवायची आणि घराची हकीकत केरात टाकायची, याला इतिहासप्रेम हे नाव देऊ नये. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात अशा बश्या लाखोंनी घडल्या. त्या लाखोंपैकी एक खानदेशातल्या एका घरात तीन पिढ्या राहिली, एवढेच तिचे वेगळेपण. ते पुसले की तिच्याजवळ सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

३/
मी हे दीपनगरहून लिहितो आहे. भुसावळशेजारची ही औष्णिक वीज केंद्राची वसाहत. आमच्या घरी वडिलांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून तपकिरी झिलईचा एक जुना इन्सुलेटर ठेवलेला असे. विजेच्या तारा खांबाला टेकू नयेत म्हणून लावतात तो. घरी येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणी तो कधी उलटून पाहिला नाही. मात्र काचेच्या कपाटातली फुलांची बशी प्रत्येक जाणकार पाहुण्याने उलटून पाहिली. वस्तुतः दोन्हींची जात एकच आहे.

४/
पोर्सेलीन म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ. केओलिन नावाची शुभ्र माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड यांचे मिश्रण १३०० अंश सेल्सिअसच्या वर भाजले की फेल्डस्पार वितळून कणांमधली जागा भरून काढतो. तयार होणारा पदार्थ पाणी शोषत नाही, वीज वाहू देत नाही आणि पातळ असेल तर त्यातून प्रकाश झिरपतो. आपला कुंभार माठ घडवतो ती माती याहून पुष्कळ कमी उष्णतेत भाजली जाते आणि सच्छिद्र राहते. म्हणूनच माठातले पाणी गार होते. दोन मातींचे दोन गुण आहेत. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही.

५/
ही विद्या युरोपची नव्हे. चीनमध्ये ती हजार वर्षांहून अधिक काळ सिद्ध होती. पोर्तुगीज आणि डच जहाजांतून चिनी भांडी युरोपात पोचली तेव्हा तेथील राजेरजवाडे त्यांच्यासाठी वेडे झाले. सॅक्सनीचा ऑगस्टस या छंदात सर्वांच्या पुढे होता. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार दिले आणि मोबदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. चार शिपायांना एक भांडे! संग्राहकाची हाव माणसाला कोठवर नेते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

६/
त्याच ऑगस्टसच्या आश्रयाने चिर्नहाउस आणि ब्यॉटगर यांनी पोर्सेलीनचे मिश्रण साधले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. पुढे दाँत्रकोल या फ्रेंच पाद्र्याने चीनमधील जिंगदेझनच्या भट्ट्यांची माहिती १७१२ आणि १७२२ च्या पत्रांतून मायदेशी कळवली. आज ज्याला औद्योगिक हेरगिरी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. इंग्लंडात कुकवर्दी याने कॉर्नवॉलची माती वापरून १७६८ मध्ये पेटंट मिळवले. त्यानंतर स्पोडसारख्या कारखानदारांनी मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख मोठ्या प्रमाणात घालून 'बोन चायना' रूढ केली.

७/
नावांकडेही पाहा. इंग्रज या भांड्यांना 'चायना' म्हणतात आणि आपण 'चिनी माती'. दोन्ही भाषांनी उगम प्रामाणिकपणे नोंदवला आहे. विसर पडला तो कपाट सजवणाऱ्यांना. लंडनजवळच्या बो येथील कारखान्याने १८ व्या शतकाच्या मध्यास स्वतःला 'न्यू कँटन' म्हणवून घेतले. पुष्कळांच्या घरी असलेली निळी 'विलो' नक्षी आठवा : पूल, त्यावरच्या तीन आकृती, झुकलेले झाड, वर दोन पक्षी. ती नक्षी १८ व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात रचली गेली. तिच्यासोबत सांगितली जाणारी चिनी प्रेमिकांची करुण कथा तर १९ व्या शतकाच्या मध्यास इंग्रजी नियतकालिकांतून पसरली. चीनमध्ये तिला कोणी ओळखत नव्हते.

८/
म्हणजे 'अस्सल युरोपियन' म्हणून मिरवली जाणारी बशी ही आशियाची युरोपने केलेली नक्कल, आणि तिच्यावरची 'प्राचीन चिनी' कथा ही विक्रीसाठी रचलेली. नक्कल करण्यात लाज नाही. सारे कारागीर एकमेकांकडूनच शिकतात. परंतु गोऱ्या कारखान्याचा शिक्का दिसताच ज्यांचा आवाज आदराने खाली येतो, त्यांनी हा वंशवृक्ष एकदा अवश्य वाचावा.

९/
आता शिक्क्याचेच बोलू. तो निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. काही खुणा पक्क्या आहेत, त्या टिपून ठेवा.
• तळाशी चौकटीसारखा तिरपा हिरा आणि त्याच्या कोपऱ्यांत अक्षरे-आकडे : इंग्लंडात नोंदवलेली नक्षी, १८४२ ते १८८३.
• 'आरडी नंबर' आणि पुढे आकडा : १८८४ पासून.
• नुसते 'इंग्लंड' : बहुधा १८९१ नंतर. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने मालावर देशाचे नाव लिहिणे भाग पाडले.
• 'मेड इन इंग्लंड' : बहुधा २० वे शतक.
• 'बोन चायना' ही अक्षरे : हीही बहुतेक २० व्या शतकातली.
तुमच्या 'दोनशे वर्षांच्या' बशीवर शेवटच्या दोन खुणा असतील, तर निदान शंभर वर्षे वजा करा.

१०/
शिवाय शिक्का खोटे बोलतो. माइसेनच्या निळ्या तलवारी आणि सेव्ह्रच्या गुंफलेल्या दोन 'एल' अक्षरांची नक्कल १९ व्या शतकात युरोपातल्याच अनेक कारखान्यांनी सर्रास केली. छापील नक्षीची रीतही लक्षात असू द्या. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची, ती पातळ कागदावर छापायची आणि तो कागद भांड्यावर दाबून शाई उतरवायची. जेथे नक्षीचे दोन कागद जुळत नाहीत तेथे बारीक सांधा दिसतो. 'हाताने रंगवलेली राजेशाही बशी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात हा सांधा हमखास सापडतो. तो शोधायला भिंगही लागत नाही. मात्र त्यासाठी बशी उजवी धरून तिच्याकडे नीट पाहावे लागते.

११/
आणि शिक्का खरा निघाला तरी तो किती सांगणार? तो बशीचा जन्मदाखला आहे. जन्मदाखल्यावरून कोणाचे चरित्र लिहिता येत नाही. ही बशी भुसावळला का आली, कोणाबरोबर आली, तिच्या जोडीच्या पाच बश्या कोठे गेल्या, यातले एक अक्षरही शिक्क्यात नसते. आपला इतिहास तर नेमका तेथून सुरू होतो.

१२/
खानदेशापुरता मार्ग पाहू. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला आणि कॅप्टन ब्रिग्ज कारभारावर आला. साहेबांच्या बंगल्यांबरोबर त्यांची भांडीही आली. खरा पूर आला तो आगगाडीनंतर. १८६० च्या दशकात 'जीआयपी' रेल्वे भुसावळला पोचली. १८६७ मध्ये तिची एक शाखा नागपूरपर्यंत गेली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले. मधल्या काळात, १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला. अमेरिकेतील यादवीच्या दिवसांत खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आलेला होता. कापसाच्या गासड्या ज्या वाटेने मुंबईच्या बंदराकडे गेल्या, त्याच वाटेने विलायती माल उलट आला. कापूस आणि कपबशी या एकाच व्यापाराच्या दोन बाजू आहेत.

१३/
आता एक पाहिलेली गोष्ट. माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे तापीकाठचे जुने घर पाडायला काढले. फडताळात निळ्या काठाच्या २३ नगांचा चहाचा संच होता. पणजोबा भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. विलायतेला परतणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी तो घेतला, असे घरातल्या आजी सांगत. लिलावाची चिठ्ठी त्याच खोक्यात होती. व्यापारी आला, त्याने संच स्टीलच्या भांड्यांच्या भावाने नेला आणि जाताना चिठ्ठीसकट सारी रद्दी ओट्यावर झटकली. पुढे काही महिन्यांनी तोच संच विक्रीसाठी झळकला. मथळा होता : 'मराठा सरदार घराण्याचा राजेशाही भोजनसंच'.

१४/
या लबाडीत पैशाचे नुकसान सर्वांत किरकोळ आहे. भरून न येणारे नुकसान वेगळेच झाले. लोकोशेडमध्ये घणाचे घाव घालणाऱ्या एका माणसाने साहेबाच्या लिलावात उभे राहून बोली लावली, हा प्रसंग इतिहासातून पुसला गेला आणि त्याच्या जागी अस्तित्वात नसलेला एक सरदार बसवला गेला. आपल्याकडे सरदारांचा तुटवडा आहे काय? तुटवडा आहे तो फिटरच्या इतिहासाचा.

१५/
आजी आणखी एक गोष्ट सांगत. तो संच स्वयंपाकघरात कधीच गेला नाही. घरातल्या पितळी भांड्यांना 'बाहेरच्या' माणसाचा स्पर्श नको, म्हणून तसे पाहुणे आले की ओसरीवरच्या कोनाड्यातून हे कप निघत. पितळ घासून 'शुद्ध' करता येते, चिनी मातीला ती सोय नाही, असा तो हिशोब. म्हणजे व्यापाऱ्याने ज्याला राजेशाही म्हटले, तो त्या घराच्या दृष्टीने विटाळाचा संच होता. ही माहिती त्या भांड्यांच्या तळाशी लिहिलेली नव्हती. ती त्या कोनाड्यात होती आणि कोनाडा तर पाडला गेला.

१६/
कपाने महाराष्ट्रात केवढे वादळ उठवले, हे पुण्याच्या पंचहौद मिशन प्रकरणावरून ध्यानात येईल. १८९० मध्ये मिशनच्या कार्यक्रमाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि प्रकरण धर्मपीठापर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्या यादीत होते आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न दोघांनाही चुकला नाही. पेल्यातले वादळ म्हणतात ते हे, फक्त पेला खरा होता. चहाचा एक कप धर्म, सुधारणा आणि राजकारण एकाच टेबलावर आणू शकत होता, हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्या काळची कपबशी केवळ नक्षीसाठी जमवावी, हे फार अपुरे आहे.

१७/
आणि याच कपाची दुसरी, कडू बाजू. गावोगावच्या हॉटेलांत दलित गिऱ्हाइकांसाठी वेगळे कप ठेवले जात. बहुधा कान तुटलेले, टवके उडालेले. ते बाहेरच्या बाजूला टांगलेले असत आणि पिणाऱ्याने स्वतः धुऊन ठेवायचे असत. संग्राहकाच्या भाषेत टवका म्हणजे 'दोष'. त्याने किंमत उतरते. इतिहासाच्या भाषेत तोच टवका पुरावा ठरू शकतो. आज कोणाच्या काचेच्या कपाटात असा एखादा कप त्याच्या हकीकतीसह ठेवलेला आहे? मी अजून पाहिलेला नाही.

१८/
खानदेशाला ही शिस्त नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि आयुष्यभर गावोगावची दप्तरे धुंडाळली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तेथे आहे. राजवाड्यांचा आग्रह काय होता? रसाळ बखरीपेक्षा नीरस असला तरी अस्सल कागद मोलाचा. 'सरदार घराण्याचा संच' ही व्यापाऱ्याची बखर होय. ओट्यावर झटकलेली लिलावाची चिठ्ठी हा अस्सल कागद होता.

१९/
दुसरा दाखला मातीखालचा. गिरणाकाठी बहाळ आणि तापीकाठी प्रकाशे येथे १९५० च्या दशकात उत्खनने झाली. तापीकाठच्याच सावळदे या गावाच्या नावाने ताम्रपाषाणयुगीन 'सावळदा संस्कृती' ओळखली जाते. इ. स. पू. २००० च्या आगेमागे तिचे लोक रंगीत नक्षीची भांडी वापरत. या खापरांना अर्थ आला तो कशामुळे? कोणते खापर कोणत्या थरात, कशाच्या खाली आणि कशाच्या वर सापडले, याची नोंद झाली म्हणून. थरातून उपटलेले खापर मुके होते. घर हाही एक थरच आहे. फडताळातून उपटलेली बशी तशीच मुकी होते.

२०/
'युरोपीय' हा कप्पासुद्धा किती तकलादू आहे, हे आमच्या भुसावळच्या एका थडग्यापासून सुरू करून सांगतो. तेथील युरोपियनांच्या दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल चिरनिद्रा घेतो आहे. १८४४ पासून त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्म झाल्या. १८७९ मध्ये तो वारला. त्याचे अपुरे काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून पुन्हा करवून घेतले. त्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या.

२१/
अजिंठ्याची ती नक्षी मात्र दुसऱ्या वाटेने जगली. त्याच कलाशाळेत जॉर्ज टेरीच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात मृत्पात्रांचा विभाग सुरू झाला होता. सिंधकडच्या कुंभारांची झिलईची रीत आणि अजिंठ्याचे कमळ, वेली, आकृती यांचा तेथे संगम झाला. ती भांडी इंग्रज गिऱ्हाइकांनी उचलली. आज काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत, काही मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. घडवणारे हात बहुतांशी देशी, देखरेख इंग्रजाची, नक्षी अजिंठ्याची, रीत सिंधची, गिऱ्हाईक विलायती. यांना युरोपीय म्हणाल की भारतीय? जळगावहून ६० किलोमीटरवर असलेल्या लेण्यांतली ही नक्षी, आणि आमच्या संग्राहकाला ती ठाऊक नाही, कारण तो निळ्या तलवारी शोधतो आहे.

२२/
आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप : "संग्राहक नसते तर हे सारे नष्टच झाले असते." अगदी मान्य. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाले. हैदराबादेत तिसऱ्या सालारजंगांनी जमवलेले ड्रेस्डेन, सेव्ह्र, वेजवुड आज सर्वांना पाहता येते. या संग्रहांचे ऋण मी नाकारत नाही. परंतु ते धनिकांचे संग्रह होते आणि त्यांनी उत्तमातले उत्तम वेचले. सामान्य घरातल्या सामान्य बशीचा इतिहास त्यांच्याकडून मिळणार नाही. ते त्यांचे कामही नव्हते.

२३/
ते काम पुण्यात दिनकर केळकरांनी करून दाखवले. अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, दारांच्या चौकटी अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंसाठी त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. तरुण संग्राहकाने आदर्श निवडायचाच असेल तर ६०० घोडेस्वार देणाऱ्या ऑगस्टसपेक्षा अडकित्त्यासाठी पायपीट करणारे केळकर निवडावेत.

२४/
दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो : "ही तर गुलामीची खूण. फोडून टाका. त्यापेक्षा आपले माठ-रांजण जमवा." स्वदेशीच्या चळवळीत विलायती मालावर बहिष्कार पडला, लोकांच्या पैशापैशातून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. या त्यागाबद्दल मला नितांत आदर आहे. पण तेव्हा बहिष्कार घालणे हे राजकारण होते. आज फोडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. गुलामी घरात कोणत्या दाराने शिरली, कोणी तिला विरोध केला आणि कोणी तिच्यातून चहा प्यायला, हे सांगणारी वस्तू फोडून गुलामीचा इतिहास बदलत नाही, फक्त कळेनासा होतो. माठ-रांजण जरूर जमवा. बशीही ठेवा.

२५/
तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे : "घरात अडचण आहे, पैशाची गरज आहे, आम्ही विकू नये काय?" अवश्य विका. वस्तू तुमची आहे आणि गरजेपुढे उपदेश करणारा मी कोण? माझी विनंती एवढीच, की बशी विकताना तिची हकीकत फुकट देऊन टाकू नका. ती लिहून, छायाचित्रासह स्वतःजवळ ठेवा आणि तिची एक प्रत घेणाऱ्याला द्या. प्रामाणिक ग्राहकाला ती हवीच असते. ज्याला ती नको, त्याला बखर रचायची आहे असे समजा.

२६/
कायदाही माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार १०० वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. ती मुळात कोठल्या देशात घडली, अशी अट त्या व्याख्येत नाही. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून "परदेशातला ग्राहक मिळवून देतो, कुरिअरने पाठवू" असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा. मग तो कितीही गोड बोलो.

२७/
करायचे काय? एक साधी शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक वस्तूसाठी इतके लिहा.
• वस्तू घरात कोणी, केव्हा, कोठून आणली. ज्याने सांगितले त्याचे नाव आणि सांगितल्याची तारीख.
• ती घरात कोठे ठेवत : देवघराजवळ, स्वयंपाकघरात, ओसरीवर की माळ्यावर.
• कोण वापरत असे, कोणासाठी काढली जाई, कोणाला दिली जात नसे.
• संचातले बाकीचे नग कोठे गेले. वाटणीत, हुंड्यात, फुटून?
• टवके, तडे, जोडकाम. ते झाकू नका, मोजा.
• उजव्या बाजूचे, कडेचे आणि शेवटी तळाचे छायाचित्र.
ज्या कागदात वा खोक्यात वस्तू गुंडाळलेली असेल, तो कागदही फेकू नका.

२८/
आणि हे काम आजच करा. भुसावळ, जळगाव, धरणगाव, चाळीसगाव, धुळे येथील जुनी घरे झपाट्याने पडत आहेत. भिंत पडते त्याच आठवड्यात फडताळ रिकामे होते. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आजी-आजोबांच्या पिढीला ओसरीवरचे कप कोणासाठी होते हे आठवते. त्यांच्यानंतर ते सांगणारे कोणी नाही. शिक्का शंभर वर्षांनीही वाचता येईल, त्याची पुस्तके छापलेली आहेत. आजीचे पुस्तक छापलेले नाही.

२९/
वडिलांच्या टेबलावरचा तो इन्सुलेटर आता माझ्या टेबलावर आहे. वहीच्या पहिल्या पानावर मी त्याचीच नोंद केली. कोणत्या वर्षी, कोणत्या दुरुस्तीच्या वेळी तो तारेवरून उतरवला गेला, हे वडिलांना आठवत होते. त्या रात्री वसाहतीत किती वेळ अंधार होता, हेही त्यांना आठवत होते. दोन्ही लिहून घेतले. बाजारात त्याला कोणी शंभर रुपये देणार नाही, आणि तरीही आमच्या घरातली सर्वांत पक्का इतिहास असलेली चिनी मातीची वस्तू आज तीच आहे.

३०/
थ्रेड येथे संपवतो. आपल्या घरातील कपबशी, बरणी, ताटली यांची छायाचित्रे अवश्य पाठवा. मात्र एक अट आहे. पालथ्या बशीला यापुढे उत्तर मिळणार नाही. बशी उजवी ठेवा, आजींना शेजारी बसवा, त्यांनी सांगितलेली हकीकत लिहा आणि मग तळाचा शिक्का विचारा. तोही आनंदाने सांगेन.